फाल्गुन-चैत्रातली गोदावरी आणि गळाची मासेमारी: लहरी हवेत मासा कसा शोधायचा

पावसाळा संपल्यावर किंवा दिवाळीच्या आसपास गोदावरीवर गळ टाकायला फार अक्कल लागत नाही. पाणी भरपूर असतं, मासा हिंडत असतो, कणकेच्या गोळ्यालाही लागतो. खरी परीक्षा महाशिवरात्रीपासून पाडव्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांपर्यंत. पहाटे काठावर स्वेटर लागतो, दुपारी दोनला डोकं तापतं, चारला वारा सुटतो आणि एखाद्या दिवशी पाचला आभाळ काळं होऊन गारा पडतात. या दिवसांत लोक पिठाच्या नव्या नव्या पाककृती शोधत बसतात. माझं मत सरळ आहे: या हंगामात पीठ तिसऱ्या नंबरवर येतं. आधी वेळ, मग खोली, मग पीठ. मासा थंड रक्ताचा प्राणी. त्याची भूक पाण्याच्या तापमानावर चालते, आणि फाल्गुनात ते तापमान एकाच दिवसात, एकाच डोहात, काठाला एक आणि तळाला दुसरं असतं.

आधी पाणी कुणाचं आहे ते विचारा

मराठवाड्यातल्या बहुतेक धरणांचं, तलावांचं आणि बंधाऱ्यांचं पाणी मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेलं असतं. बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) त्यांनी सोडलेली असतात, पैसा त्यांचा अडकलेला असतो. त्यामुळे गावात जाऊन संस्थेच्या चेअरमनला किंवा काठावरच्या भोई मंडळींना विचारल्याशिवाय काठी उघडायची नाही. बहुतेक ठिकाणी एका-दोघा हौशी माणसांना कुणी अडवत नाही. काही ठिकाणी दिवसाची पावती फाडावी लागते, काही ठिकाणी साफ नकार मिळतो. नकार मिळाला तर गाडी वळवायची.

जायकवाडीच्या नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय गळ बाहेर काढूच नका. धरणाखाली मात्र पैठणपासून नांदेडपर्यंत नदीवर बंधाऱ्यांची माळच आहे: आपेगाव, हिरडपुरी, लोणीसावंगी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस. नांदेडजवळ विष्णुपुरी आणि अगदी तेलंगणाच्या तोंडाशी बाभळी. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, सिंदफणेवर माजलगाव, मांजरेवर धनेगावचं धरण. इतकं पाणी असताना देवळाच्या घाटावर गळ टाकण्याचं काही कारण नाही. लोक तिथे स्नानाला आणि दशक्रियेला येतात, आणि फाल्गुन वद्य षष्ठीच्या आगेमागे पैठणला तर पाय ठेवायला जागा नसते.

पाणी वाचायचं कसं

काठावर पोचल्या पोचल्या काठी जोडायची घाई करू नका. पहिला अर्धा तास नुसतं बघण्यात घालवा.

पहिलं काम तापमान बघण्याचं. फिश टँकसाठी मिळणारा छोटा थर्मामीटर घ्या, तो रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बाटलीत टाका, बाटलीला शिसं बांधा आणि झाकण न लावता दोरीनं तळाशी सोडा. दहा मिनिटांनी ओढून वाचा. बाटलीतलं पाणी वर येईपर्यंत फारसं बदलत नाही, म्हणून तळाचं तापमान बऱ्यापैकी खरं कळतं. मग तेच काठाजवळच्या उथळ पाण्यात करा. रोहू, कटला, मृगळ या आपल्या माशांना साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. पाणी २० च्या खाली असेल तर मासा तोंड उघडतो, पण चवीपुरतं. अशा वेळी गळ लहान, गोळा लहान, चारणही (मासा जमवायला पाण्यात टाकायचं खाद्य) कमी.

यावरूनच वेळ ठरते. फेब्रुवारीच्या शेवटी, रात्री अजून गारठा असताना, पहाटे पाचला उठून काठावर कुडकुडण्यात काही अर्थ नाही. त्या दिवसांत सकाळी दहा ते दुपारी चार हाच उत्तम काळ. ऊन खाऊन उथळ पाणी तापलेलं असतं आणि मासा तिथे चरायला येतो. होळी जळाली थंडी पळाली म्हणतात ते इथेही बऱ्यापैकी खरं ठरतं. मार्चचा मध्य ओलांडला, दुपारचा पारा ३६-३७ ला टेकू लागला की सगळं उलटं होतं. आता पहिल्या उजेडापासून नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचपासून अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळेत मासा डोहाच्या खोल भागात किंवा पुलाच्या सावलीत पडून राहतो. याला आणखी एक कारण आहे. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. साचलेल्या, शेवाळलेल्या पाण्यात पहाटे तो आणखी उतरतो, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेत असतं. म्हणून चैत्रात हिरव्यागार पाण्याच्या बंधाऱ्यावर पहाटेपेक्षा सकाळी सात-आठला जास्त ओढ लागते, आणि दाराच्या गळतीखाली जिथे पाणी फेसाळतं तिथे दिवसभर मासा असतो.

दुसरं काम पातळीचं. कालव्याला आवर्तन सुटलं किंवा बंधाऱ्याची दारं हलली की पाणी उतरतं किंवा चढतं. पाण्याच्या कडेला एक काडी रोवा आणि तासाभरानं बघा. चार बोटं पाणी उतरलं असेल तर मासा काठ सोडून आत सरकला असं समजा आणि पुढचा गळ दहा-पंधरा पावलं आत टाका. पाणी चढत असेल तर उलट: नुकतंच बुडालेलं गवत, जुनी वाफ्याची ओळ, गाळपेऱ्यातल्या हरभऱ्याची उरलेली धसकटं, हीच तुमची जागा.

तिसरं काम वाऱ्याचं. दुपारचा वारा पृष्ठभागावरचं तापलेलं पाणी आणि त्यातलं सूक्ष्म खाद्य एका काठाकडे लोटतो. उन्हाळी दिवसांत वारा ज्या काठावर आदळतो तोच काठ धरा, तोंडावर धूळ आली तरी. आदल्या रात्री थंडीची लाट येऊन गेली असेल तर मात्र वाऱ्याकडे पाठ करणारा, उन्हाकडे तोंड असलेला काठ बरा. दोन्ही वेळी आरामशीर सावलीची जागा सापडेलच असं नाही. मासा धरायचा की पाठ टेकून झोप काढायची हे घरून ठरवून निघावं.

आणि चौथं, चिन्हं. कटला पृष्ठभागाजवळ तोंड काढतो तेव्हा पाण्यावर गोल उठतो आणि लगेच विरतो. तळाशी चरणारा मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) बारीक बुडबुड्यांची रांग सोडतो, आणि ती रांग सरकत जाते. एकाच जागी येणारे मोठे बुडबुडे बहुधा गाळातल्या वायूचे, त्यांच्यामागे लागू नका. जानेवारी ते मार्च हा सायप्रिनसच्या विणीचाही काळ. उथळ गवतात सकाळी खळबळ आणि पाठी दिसल्या तर तो अंडी घालण्याचा गोंधळ असतो. त्यात गळ टाकून मासा लागत नाही, आणि लागला तरी अंड्यावरची मादी उचलण्यात शहाणपणा नाही. रोहू-कटल्याची वीण पावसाळ्यात, वाहत्या पाण्यात. आत्ता ते फक्त खाण्यासाठी फिरत असतात.

सामान

वेळूच्या काठीनं आजही उत्तम मासे धरले जातात, पण फाल्गुनात मासा आत असतो, म्हणून नऊ-दहा फुटी रॉड आणि ४००० आकाराचं रीळ सोयीचं. तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) ०.३५ मिलिमीटरचा. यापेक्षा जाड घेतला तर वाऱ्यात पोट धरतो आणि लांब जात नाही. बारीक घेतला तर बुडालेल्या बाभळीच्या बुंध्याला घासून तुटतो. गळ ४ ते ६ नंबरचे, टोक नखावर टेकवल्यावर घसरलं नाही तर धार ठीक. शिसं एरवी २० ग्रॅमचं चालतं, वाऱ्याच्या दिवशी ५० चं आणि चपटं घ्या. गोल शिसं तळावर गडगडत काठाला येतं.

गळ बांधायला पालोमर गाठ शिकून घ्या. तंगूस दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढा, साधी सैल गाठ मारा, दुहेरी फासा गळावरून उतरवा, थुंकीनं ओलं करा आणि सावकाश आवळा. कोरडी गाठ आवळली तर घर्षणानं तंगूस तिथेच जळतो, आणि मोठा मासा नेमका तिथेच तोडून जातो.

तळाच्या माशासाठी स्प्रिंग लावा: तारेच्या गुंडाळीवर पीठ दाबायचं आणि दोन-तीन इंची दोऱ्यांवर दोन-तीन गळ त्याच पिठात टोचून ठेवायचे. कटल्यासाठी मात्र स्प्रिंग तळाला ठेवून उपयोग नाही. त्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या आणि मधल्या थरात खातो. त्याच्यासाठी दोऱ्यावर सरकतं, पाण्यावर तरंगणारं बूच, गळ तीन-चार फुटांवर, आणि अर्ध्या तासाला एक-एक फूट खाली नेत जायचं. मोराच्या पिसाचा देठ बूच म्हणून फार संवेदनशील असतो, पण वाऱ्याच्या लाटांत दिसत नाही. त्या दिवशी जाड, भडक रंगाचं बूच बरं.

बाकी पिशवीत हवं ते: हातजाळी, गळ काढायची चिमटी, सुती टॉवेल, कात्री, बर्फाचा थर्मोकोलचा डबा, पिण्याचं पाणी माणशी चार लिटर, मीठ-साखरेची पुडी, गमबूट, आणि एक रिकामं घमेलं. घमेल्याचं कारण पुढे येईल.

पीठ

शेंगदाण्याची पेंड दोन वाट्या, जाडसर कुटून मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा. त्यात एक वाटी भाजलेलं बेसन, एक वाटी कणीक, चमचाभर भाजून कुटलेली बडीशेप आणि अर्धा चमचा मेथीपूड. गुळाचं पाणी थोडं थोडं घालत मळा. नदीचंच पाणी वापरलं तर उत्तम. सरकी पेंडही चालते, पण ती पाण्यात पटकन फुगते आणि गोळा फुटतो.

खरी गोष्ट घट्टपणाची. लिंबाएवढा गोळा पारदर्शक बाटलीत पाण्यात सोडा आणि घड्याळ बघा. पंधरा-वीस मिनिटांत तो कडेनं झडत झडत मोकळा झाला पाहिजे. पाच मिनिटांत विरघळला तर कणीक वाढवा, अर्ध्या तासानंतरही दगडासारखा राहिला तर पेंड वाढवा. थंड पाण्यात थोडं सैल, तापलेल्या पाण्यात घट्ट. उन्हात पीठ अर्ध्या दिवसात आंबतं. थोडं आंबलेलं सायप्रिनसला आवडतं, रोहूला नाही, म्हणून ओल्या फडक्यात सावलीला ठेवा.

चारण जपून टाका. थंड पाण्यातला मासा पोट भरलं की तासन् तास परत येत नाही. बोराएवढे चार-पाच गोळे एकाच जागी, मग वीस मिनिटं थांबायचं. टोपलीभर भात ओतणारे लोक दिसतात. ते मासे पोसतात, धरत नाहीत.

टाकणं, ओढणं, काढणं

समोरून वारा असेल तर डोक्यावरून टाकू नका. काठी आडवी करून, पाण्याला समांतर झटका द्या, तंगूस वाऱ्याच्या खाली राहील. शिसं तळाला टेकल्यावर रॉडचं टोक पाण्यात हातभर बुडवा, रिळाच्या दोन-तीन फेऱ्या मारा म्हणजे मधला तंगूसही बुडतो, आणि मगच काठी टेकणीवर ठेवा. टोकाला घुंगरू लावायची पद्धत शांत हवेत छान. वाऱ्यात ते सारखं वाजत राहतं आणि तासाभरानं तुम्ही त्याकडे बघणंच सोडता. त्या वेळी टोकावर नजर ठेवा. थरथर म्हणजे चिल्लर मासा टोचतोय. टोक दोनदा वाकून तिसऱ्यांदा खालीच गेलं तर उचला. स्प्रिंगला जोरात हिसका लागत नाही, मासा स्वतःच अडकलेला असतो. नुसती काठी उभी करून ताण धरा.

रिळाचा ब्रेक आधीच सैल करून ठेवलेला हवा: हातानं ओढल्यावर कुरकुरत सुटेल इतका. रोहू पहिल्या दमात वीस-तीस मीटर पळतो. पळू द्या. सायप्रिनस गवतात शिरायला बघतो, त्याला काठी आडवी करून बाजूला वळवा. मासा थकून कुशीवर झाला की हातजाळी पाण्यात आधी बुडवून ठेवा आणि मासा तिच्यावर आणा. जाळी घेऊन माशामागे धावलात की त्याच्यात शेवटचा जोर येतो. तंगूस हातात धरून मासा उचलू नका.

शिंगटा (मिशांचा, बिनखवल्याचा मासा) लागला तर टॉवेलशिवाय हात लावू नका. त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यामागच्या काट्यांची जखम चांगलीच ठणकते. टोचलंच तर धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा, वेदना उतरते. सूज वाढली किंवा काटा आत राहिला तर दवाखाना.

मरळीबद्दल थोडं

मरळ वेगळीच जात. तिला पाण्याबाहेरची हवाही घेता येते, त्यामुळे कमी प्राणवायूच्या, तापलेल्या, बेशरमाच्या झुडपांनी आणि जलपर्णीनं भरलेल्या कडेला ती मजेत असते. ऐन दुपारी, बाकी सगळे मासे झोपलेले असताना, रबरी बेडूक बेशरमाच्या कडेनं टुणटुणत ओढा. झेप दिसली की लगेच झटका देऊ नका. मनात दोन म्हणा, तंगूस ताणला गेला की मग मारा. काठाशी लाल-नारिंगी बारीक पिल्लांचा पुंजका दिसला तर मायबाप खालीच राखणीला असतात आणि बेडकावर रागानं येतात. तेव्हा त्यांना सोडा, नाहीतर पिल्लं दिवसभरात दुसऱ्या माशांच्या पोटात जातील.

आभाळ आलं की

२०१४ ची गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. फेब्रुवारीच्या अखेरीला सुरू झाली आणि मार्चच्या मध्यापर्यंत अधूनमधून पडत राहिली. गहू, ज्वारी, द्राक्षं गेली, जनावरं मेली. तेव्हापासून फाल्गुनातल्या ढगाकडे कुणी कौतुकानं बघत नाही, आणि नदीकाठी उघड्यावर बसणाऱ्यानं तर मुळीच बघू नये.

वादळाआधीच्या तास-दीड तासात मासा अनेकदा जोरात लागतो. तिथेच माणूस फसतो. काठावर जाळं सोडवत बसलेले भोईबाबा अशा वेळी पाण्याकडे बघतच नाहीत, पश्चिमेकडे बघतात. "पाव्हणं, वारं पडलंय. गुंडाळा आता," एवढंच म्हणतात. दिवसभराचा वारा एकदम थांबला, उकाडा वाढला, बगळे उठून गेले आणि मग उलट्या दिशेनं गार झोत आला, तर तुमच्याकडे दहा-पंधरा मिनिटंच आहेत.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. तीस सेकंदांच्या आत गडगडला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. त्याच क्षणी काठी खाली ठेवा. आजकालचे रॉड कार्बन फायबरचे असतात आणि त्यातून वीज वाहते. उघड्या काठावर दहा फुटी रॉड उभा धरणं म्हणजे विजेला बोलावणं धाडणं. काठ्या तिथेच पडू द्या, मासा लागलेला असला तरी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं काढलेलं 'दामिनी' अ‍ॅप मोबाइलमध्ये ठेवा. तुमच्या आजूबाजूला २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडण्याची शक्यता ते सांगतं.

जायचं कुठे? पक्क्या घरात, किंवा काचा वर करून चारचाकीत. एकट्या बाभळीखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये नाही, पंपहाउसच्या विजेच्या खांबाजवळ नाही. काहीच जवळ नसेल तर पाण्यापासून आणि झाडांपासून दूर, सखल पण कोरड्या जागी, पाय जुळवून उकिडवे बसा, डोकं गुडघ्यांत घाला, जमिनीवर आडवे होऊ नका. चौघं असाल तर लांब लांब बसा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबूनच काठाकडे वळा. नुसत्या गारा असतील, वीज नसेल, तर ते घमेलं डोक्यावर. प्लास्टिकचं असेल तर आत टॉवेलची घडी ठेवा.

गारांनंतर लगेच मासा लागेल ही आशा सोडा. उथळ पाणी एकदम गार पडतं आणि मासा एखादा दिवस खोलात दबून बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडलं की ओढ्याचं गढूळ पाणी जिथे नदीला मिळतं तिथे जा, पीठ घरी ठेवा आणि गांडूळ लावा. वाहून आलेल्या किड्या-गांडुळांवर रोहू, वाम, शिंगटा सगळेच येतात. गढूळ आणि स्वच्छ पाण्याची जिथे रेघ दिसते, तिच्या स्वच्छ बाजूला हातभर आत गळ पडला पाहिजे.

काठाचे धोके

उतरत्या पाण्यामागे राहिलेला काळा गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो आणि खाली लोणी असतो. आधी काठीनं टोचून बघा, काठी सहज वीतभर गेली तर पाय टाकू नका. रुतलात तर उभ्यानं पाय उपसू नका. मागे बसा, वजन पसरा, एक एक पाय फिरवत काढा. वाळूच्या पात्रात वेगळीच भीती: उपशाचे खड्डे. गुडघाभर पाण्यात चालताना पुढच्या पावलाला पुरुषभर खोली येते, वरून काही कळत नाही. नदीत उतरून गळ टाकायची हौस या पात्रात करू नका. मासा अडकला, जाळी वाहून गेली, काही झालं तरी नाही.

उन्हाचं लोक हसण्यावारी नेतात. डोकं दुखणं, मळमळ यातलं काहीही झालं तर सावली, ओला टॉवेल मानेवर, घोट घोट मीठ-साखरपाणी. घाम थांबला किंवा बडबड असंबद्ध होऊ लागली तर थेट दवाखाना गाठा.

मासा घरी नेताना

अर्ध्या किलोच्या आतले रोहू-कटले ओल्या हातानं धरून सोडून द्या. त्यांची अजून एकही वीण झालेली नसते. कासव अडकलं तर तंगूस शक्य तितका जवळ कापून सोडा. ते बाळगणं गुन्हा आहे.

ठेवायचा मासा दोरीला ओवून उथळ, तापलेल्या पाण्यात दिवसभर ठेवण्याची सवय वाईट. तो गुदमरून मरतो आणि मांस मऊ पडतं. डोक्यावर एक नेमका फटका, कल्ल्याखाली चीर देऊन रक्त काढा, आतडी आणि कल्ले तिथेच काढून लांब खड्ड्यात पुरा, पोट धुवा, पोटात बर्फ भरा आणि डब्यात बर्फ-मासा-बर्फ असे थर लावा. डब्याच्या तळाला भोक ठेवा म्हणजे वितळलेलं पाणी निघून जाईल. चाळीसच्या जवळच्या उन्हात बिनबर्फाचा मासा दोन तासांत वास मारू लागतो. बर्फ नसेल तर दोन मासे ठेवा आणि बाकी सोडा. तळाच्या माशाला गाळाचा वास असतोच, विशेषतः हिरव्या पाण्यातल्या. तुकडे करून मीठ-हळद आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवले की तो बराच जातो, मग तिखट-लसणाचं वाटण लावून ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर टाका.

तुटलेला तंगूस गोळा करून घरी आणा. बगळ्यांच्या आणि पाणकावळ्यांच्या पायात अडकतो तो हाच.